मातीच्या लॅबमधला शेकर: ठेवायचा कसा, भरायचा कसा आणि त्याचा स्पीड खरा आहे का हे बघायचं कसं

एप्रिल-मे आला की आमच्या लॅबच्या दारात मातीच्या पिशव्यांचा ढीग लागतो. जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, कुठून कुठून लोक येतात, कारण जून तोंडावर असतो आणि सोयाबीनला, कापसाला डीएपीच्या किती गोण्या घ्यायच्या हे त्याच्या आधी ठरवायचं असतं. मी या कामात चौदा वर्षं आहे आणि नवीन येणाऱ्या पोरापोरींना सगळ्यात आधी शेकरजवळ उभं करते, म्हणजे माती आणि द्रावण भरलेले फ्लास्क हलवून मातीतलं अन्नद्रव्य द्रावणात उतरवणाऱ्या मशीनजवळ. कलरीमीटर, फ्लेम फोटोमीटर हे सगळे मन लावून शिकतात, शेकर मात्र "बटन दाबलं की हलतंय" म्हणून सोडून देतात, आणि घोळ नेमका तिथंच होतो.

आमच्याकडं झालेला घोळ आधी सांगते म्हणजे पुढचं सगळं कशासाठी ते कळेल. एका काकांच्या वावरातली माती आम्ही दोनदा तपासली, पहिल्यांदा जुन्या पुढं-मागं हलणाऱ्या शेकरवर, दुसऱ्यांदा नव्या गोल फिरणाऱ्या शेकरवर. स्फुरद (फॉस्फरस) एकदा मध्यम आला, एकदा कमी. दिवसभर आम्ही रिएजंट बघितले, स्टँडर्ड परत बनवले, क्युवेट पुसून पुसून झिजवले, काही सापडेना. संध्याकाळी फ्लास्क धुताना लक्षात आलं की नव्या शेकरवरच्या प्रत्येक फ्लास्कच्या तळाला काळ्या मातीचा लाडू बसलाय, वरचं पाणी छान गरागरा फिरलंय आणि खालची माती जागची हललीच नाही. कारण काय तर जुन्यावर मिनिटाला १२० फेरे लावायचे म्हणून नव्यावरही १२० लावलं होतं. जुन्याची पुढं-मागं धाव चार सेंटिमीटरची, नव्याचा गोल फेरा दोन सेंटिमीटरचा, म्हणजे तोच १२० चा आकडा असून नव्यावर मातीला बसणारा झटका जुन्याच्या जेमतेम निम्मा होता.

आता हा फरक किती नाजूक असतो ते बघा. मातीतला स्फुरद काढायच्या ऑल्सनच्या पद्धतीत २.५ ग्रॅम माती आणि ५० मिली द्रावण, म्हणजे एकास वीस. हेक्टरी १० किलोच्या खाली स्फुरद असला की कमी, २५ च्या वर गेला की जास्त, अशी सर्वसाधारण वर्गवारी आहे. ते १० किलो म्हणजे मातीत किलोमागं साधारण साडेचार मिलीग्रॅम, आणि गाळून आलेल्या द्रावणात लिटरमागं फक्त ०.२२ मिलीग्रॅम. एवढ्याशा आकड्यावर माणूस गोण्या उचलणार आहे, तिथं तळाला बसलेला लाडू चालत नाही.

कोणता शेकर कशाला

गोल फिरणारा तो ऑर्बिटल. लोकांना वाटतं की याची प्लेट भिंगरीसारखी स्वतःभोवती फिरते, तसं नाही, प्लेटचं तोंड कायम एकाच दिशेला राहतं आणि सगळी प्लेट मिळून एक छोटा गोल काढते, आपण हातात चाळण धरून पीठ चाळतो तसं. म्हणून कोपऱ्यातला फ्लास्क आणि मधला फ्लास्क दोघांना सारखाच फेरा मिळतो, निदान मिळायला पाहिजे. पुढं-मागं सरकणारा तो रेसिप्रोकेटिंग, मातीच्या कामात जुन्या पद्धती बहुतेक याच्यावरच बसवलेल्या आहेत. मनगट हलवल्यासारखा झटका देणारा रिस्ट ॲक्शन, तो जुन्या कॉलेजांत अजून दिसतो आणि चालत असला तर फेकू नका, चांगला असतो. बाटली उलटीपालटी करणारा वेगळा, तो कचरा, राख, गाळ यातले जड धातू काढायला लागतो, तिथं मिनिटाला ३० फेरे आणि १८ तास असा नियम आहे. व्हॉर्टेक्स म्हणजे एक एक टेस्ट ट्यूब वर दाबून घुसळायचा. रॉकर म्हणजे पाळण्यासारखं हळूहळू झुलणारा, जेल रंगवायला, धुवायला, माती त्याच्यावर कधीच ठेवू नका.

मॅग्नेटिक स्टिररवर माती हलवायची सवय काही जणांना असते. करू नका. तो लोहचुंबकाचा दांडा तळाला मातीचे कण भरडतो, नवीन तुकडे पडतात आणि जे एरवी द्रावणात आलंच नसतं ते येतं. द्रावण बनवायला स्टिरर, मातीतून काढायला शेकर, एवढं पक्कं ठेवा.

आणि इन्क्युबेटर शेकर, रायझोबियम वगैरे जिवाणू वाढवायला, ते काम वेगळं. तिथं हवा जास्त मिळावी म्हणून फ्लास्कच्या पाचव्या हिश्शाएवढंच द्रावण भरतात आणि कापसाचा बोळा लावतात. मातीच्या लॅबमध्ये बोळ्याचं काय काम नाही.

ठेवायची जागा

कडप्प्याचा पक्का ओटा सगळ्यात बरा. लोखंडी टेबल असलं तर ते शेकरबरोबर नाचतं, आणि टेबल नाचलं की अर्धी ताकद त्यातच जाते. ओट्यावर ठेवल्यावर पाणसळ लावून बघा, गवंड्याकडची छोटी पाणसळ चालते, आधी लांबीत आणि मग रुंदीत. तिरका असला की एका बाजूच्या फ्लास्कमध्ये द्रावण काठाला चढतं आणि बेअरिंगही एका बाजूनं झिजतं. पायाखालचे रबर कडक झाले असतील तर बदला, खाली पुठ्ठा किंवा कापड घालून भागवू नका कारण दोन दिवसांत ते सरकतं.

त्याच ओट्यावर वजनकाटा ठेवू नका. हे सांगायची गरज नाही असं वाटतं पण मी तीन लॅबमध्ये बघितलंय, शेकर चालू असताना काट्याचा चौथा आकडा थांबतच नाही आणि पोरगी बिचारी पाच मिनिटं बघत बसते.

चारी बाजूंनी वीतभर जागा मोकळी पाहिजे. प्लग तीन पिनचाच, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलेली, कारण या मशीनवर पाणी आणि क्षार सांडणारच आहेत. आपल्याकडं उन्हाळ्यात व्होल्टेज कसं वरखाली होतं ते सगळ्यांना माहीत आहे, साध्या मोटरचा स्पीड व्होल्टेजबरोबर पडतो, म्हणून स्टॅबिलायझर लावाच. इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर शुद्ध साइन वेव्हचाच घ्या, साध्या चौकोनी वेव्हच्या इन्व्हर्टरवर मोटर घूं घूं करते, तापते.

स्पीड आणि फेरा स्वतः मोजा

डिस्प्लेवर १८० दिसतंय म्हणजे प्लेट १८० नं फिरतेय असं धरून चालू नका. पट्टा ढिला झाला असेल, लोड जास्त असेल, तर आकडा एक आणि फिरणं एक. मोजायला महाग काही लागत नाही. प्लेटच्या कडेला रंगीत कागदाची चिठ्ठी चिकटवा, मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ काढा, आणि चिठ्ठी परत त्याच जागी यायला किती फ्रेम लागल्या ते मोजा. सेकंदाला २४० फ्रेमचा व्हिडिओ असेल आणि शेकर खरंच १८० वर असेल तर सेकंदाला तीन फेरे होतात, म्हणजे एका फेऱ्याला ८० फ्रेम. ९० आल्या तर तुमचा शेकर १६० नं चाललाय. एका फेऱ्यावर विसंबू नका, दहा फेऱ्यांच्या फ्रेम मोजून दहानं भागा. हे रिकाम्या प्लेटवर करायचं आणि पूर्ण भरलेल्या प्लेटवरही करायचं, दोन्हीत मोठा फरक आला तर मोटर किंवा पट्टा थकलाय. बिनस्पर्शाचा टॅकोमीटर असला तर उत्तमच.

टायमरही तपासा. मोबाईलचं स्टॉपवॉच आणि शेकरचा टायमर एकदम चालू करा, अर्ध्या तासानं बघा. आमच्या एका फिरकीच्या टायमरवर ३० म्हणजे खरे २६ मिनिटं निघाली होती, तेव्हापासून आम्ही फोनवरच वेळ लावतो आणि टायमर नुसता बंद करायला वापरतो.

आता फेरा. शेकरच्या कागदपत्रात लिहिलेला असतो पण जुन्या मशीनचे कागद कुणाकडं असतात, म्हणून असं करा. प्लेटवर स्केचपेन टोक वर करून टेपनं घट्ट बसवा, मशीन सगळ्यात कमी स्पीडवर ठेवा, आणि रेटॉर्ट स्टँडला पुठ्ठ्यावर लावलेला कागद वरून हळूच टेकवा. पेन कागदावर गोल काढतो. त्या गोलाचा व्यास म्हणजे तुमचा फेरा. पुढं-मागं वाल्याची रेघ येईल, रेघेची लांबी म्हणजे धाव. हे एकदा मोजून मशीनवरच मार्करनं लिहून ठेवा.

याचा उपयोग काय तर एका शेकरवरचं काम दुसऱ्यावर नेता येतं. झटका फेऱ्याच्या पटीत वाढतो आणि स्पीडच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणजे २० मिलिमीटर फेऱ्याच्या शेकरवर १८० ला जो झटका मिळतो तोच १० मिलिमीटरच्या शेकरवर मिळवायला जवळजवळ २५५ लावावे लागतात, आणि २५ मिलिमीटरवाल्यावर १६१ पुरतात. हिशोब सोपा आहे, जुन्या फेऱ्याला नव्या फेऱ्यानं भागा, वर्गमूळ काढा, जुन्या स्पीडला त्यानं गुणा. पण हा हिशोब म्हणजे सुरुवातीचा आकडा, शेवटचा नाही. शेवटचा आकडा फ्लास्कचा तळ सांगतो.

तो असा बघायचा. आपली नेहमीची काळी माती, नेहमीचं वजन, नेहमीचं द्रावण घ्या, ६० वर चालू करा आणि दहा-दहानं वाढवत जा. प्रत्येक वेळी वाकून बाजूनं तळ बघा, टॉर्च मारून बघा. एका स्पीडला तळाची माती सुटून सगळी द्रावणात उचलली जाते, तिथून थोडं पुढं थांबा. म्हणून मग एकदम ३०० लावून मोकळं व्हावं असं वाटेल, तर तेही नको, फार जोरात हलवलं की कण फुटतात, द्रावण झाकणाला जाऊन बसतं, माती मानेला चिकटून राहते आणि ती बाहेरच राहिल्यासारखी होते. पद्धतीत स्पीड दिलेला असेल तर तोच पाळा. डीटीपीए म्हणजे मातीतलं जस्त, लोह काढायचं द्रावण, त्याचं मूळ काम लिंडसे आणि नॉरवेल यांचं, १९७८ चं, त्यात आडवा शेकर, आठ सेंटिमीटरची धाव, मिनिटाला १२० फेऱ्या आणि बरोबर दोन तास असं स्पष्ट दिलंय. जस्ताची ०.६ आणि लोहाची ४.५ पीपीएमची मर्यादा आपण ज्या पद्धतीवर टेकून वापरतो, तिचं हलवणंही त्याच पद्धतीचा भाग आहे, ते आपल्या मनानं बदलायचं आणि मर्यादा मात्र तीच ठेवायची हे बसत नाही.

फ्लास्क भरणे आणि लावणे

फ्लास्क निम्म्याच्या वर कधीच भरू नका, तिसरा हिस्सा सगळ्यात चांगला. ५० मिली द्रावणाला १५० मिलीचा कोनिकल घ्या. १०० मिलीच्यात भागवतात बरेच जण, पण त्यात द्रावणाला उसळायला जागाच राहत नाही आणि तळाचा लाडू तिथंच जास्त होतो. बाटल्या असतील तर पुढं-मागं वाल्यावर आडव्या ठेवा, लांबी धावेच्या दिशेनं. उभ्या बाटलीपेक्षा आडव्या बाटलीत द्रावण या टोकाहून त्या टोकाला आपटतं, मातीला सगळा भाग मिळतो.

मराठवाड्याची काळी माती कशी आहे ते आपल्याला माहीत आहे, चिकण भरपूर, पाणी लागलं की फुगते, बोटाला चिकटते. तिच्यावर द्रावण ओतलं की खालचा थर गोळा होऊन बसतो. म्हणून द्रावण टाकल्या टाकल्या प्रत्येक फ्लास्क हातानं दोन-तीन वेळा गोल फिरवून गोळा मोडा आणि मगच प्लेटवर ठेवा. माती सावलीत वाळवलेली, लाकडी मुसळीनं फोडलेली, २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेली पाहिजे, खडे आणि चुनखडीचे दाणे कुटून चाळणीत घालू नका.

वजन दोन्ही बाजूंना सारखं. १५० मिलीचा फ्लास्क द्रावणासकट दीडशे ग्रॅमच्या आसपास धरा, असे २५ झाले की पावणेचार किलो, वर क्लॅम्पचं वजन वेगळं. मशीनची मर्यादा किती आहे ते बघा आणि त्यात प्लेटचं वजन धरलंय का तेही विचारा. सॅम्पल कमी असतील तर समोरासमोर लावा, जोडी जुळत नसेल तर साध्या पाण्याचा फ्लास्क भरून बसवा. एका कोपऱ्यात सात आणि दुसऱ्यात दोन असं लावलं की मशीन ओट्यावरून चालायला लागतं, मी शेकर खाली पडलेला बघितलाय आणि फुटलेल्या काचा गोळा केल्यात.

क्लॅम्पच्या स्प्रिंगा रोज चालू करायच्या आधी बोटानं ओढून बघा. चालू करताना कमी स्पीडवर, मग वर. एकदम १८० वर बटन दाबलं की पहिल्या झटक्याला बूच उडतं.

बुचाचं एक महत्त्वाचं आहे. डीटीपीए करताना रबरी बूच बिलकुल नको. रबरात झिंक ऑक्साइड असतं, ते द्रावणात उतरतं, आणि जस्ताची कमतरता असलेली माती कागदावर भरपूर जस्ताची दिसते. आपल्या चुनखडीच्या जमिनींत जस्त आणि लोह हीच मोठी अडचण आहे, म्हणजे चूक नेमकी जिथं महाग पडते तिथंच होते. प्लॅस्टिकच्या बाटल्या, प्लॅस्टिकचीच झाकणं, आणि आधी पातळ आम्लानं धुऊन डिस्टिल वॉटरनं विसळलेल्या. बोरॉनचं काम काचेत नको, बोरोसिलिकेट काचेत बोरॉन असतोच.

दुसरी खबरदारी अशी की चुनखडीच्या मातीत आम्लाचं द्रावण टाकून झाकण घट्ट लावून शेकरवर चढवू नका. फेस येतो, गॅस होतो, झाकण बंदुकीसारखं उडतं. आधी उघड्यावर फसफसू द्या, थांबलं की मग झाकण.

प्रत्यक्ष बॅच

स्फुरदासाठी सोडियम बायकार्बोनेट लिटरला ४२ ग्रॅम, कॉस्टिक सोड्यानं पीएच ८.५. हे द्रावण ठेवून ठेवून पीएच वर चढतो, म्हणून प्रत्येक दिवशी काम सुरू करायच्या आधी पीएच बघा, ताजं करायचा कंटाळा करू नका. २.५ ग्रॅम माती, चिमूटभर स्फुरदमुक्त चारकोल, ५० मिली द्रावण, ३० मिनिटं हलवायचं आणि लगेच गाळायचं. चारकोल सगळ्यांत सारखा, मोजून केलेल्या छोट्या चमच्यानं, ब्लँकमध्ये म्हणजे माती न घातलेल्या फ्लास्कमध्येसुद्धा.

पालाशसाठी ५ ग्रॅम माती, २५ मिली न्यूट्रल अमोनियम ॲसिटेट, पीएच ७, फक्त ५ मिनिटं. डीटीपीएला १० ग्रॅम माती, २० मिली द्रावण, पीएच ७.३, दोन तास. पीएच आणि ईसीला (क्षारांचं प्रमाण) एकास अडीच पाणी, तिथं शेकर नसला तरी चालतं, काचकांडीनं मधूनमधून ढवळून अर्धा तास.

आता खरी गोष्ट बॅच किती मोठी घ्यायची ही आहे आणि ती शेकरवर किती फ्लास्क बसतात यावरून ठरत नाही, गाळायच्या स्टँडवर किती नरसाळी आहेत यावरून ठरते. समजा पालाशचे २५ फ्लास्क ५ मिनिटं हलवले, आणि नरसाळी आठच आहेत. पहिले आठ लगेच गाळले गेले, शेवटचे आठ-नऊ वीस मिनिटं द्रावणात तसेच उभे राहिले. कागदावर सगळ्यांना ५ मिनिटं लिहिलंय, खरं तर कुणाला ५ आणि कुणाला २५. म्हणून उलटं मोजा. दोन मिनिटांत तुम्ही दोघं मिळून किती फ्लास्क ओतून मोकळे होता, तेवढीच बॅच. आमच्याकडं पालाशला बारा, स्फुरदाला चोवीस असं बसलंय, तुमचं वेगळं बसेल. द्रावण टाकायलाही वेळ लागतो, तिथं डिस्पेन्सर असला तर पिपेटपेक्षा फार फरक पडतो, पहिला आणि शेवटचा फ्लास्क यात मिनिटभराचंच अंतर राहतं. नरसाळ्यात कागद आधीच घडी घालून बसवून ठेवा, शेकर चालू असतानाचा वेळ त्यासाठीच असतो.

प्रत्येक बॅचमध्ये एक ब्लँक आणि एक ओळखीची माती पाहिजेच. ओळखीची माती म्हणजे तुम्हीच एकदा दहा-पंधरा किलो चाळून, एकजीव करून डब्यात भरून ठेवलेली, जिचा आकडा तुम्हाला पाठ आहे. ती त्या दिवशी वेगळी आली की सगळी बॅच थांबवा, रिपोर्ट छापू नका.

आणि वर्षातून दोनदा कोपऱ्यांची परीक्षा घ्या. तीच ओळखीची माती चारी कोपऱ्यांत, कडेच्या मधोमध आणि प्लेटच्या मध्यात ठेवा, एकदमच हलवा, एकदमच गाळा. सगळे आकडे जवळजवळ पाहिजेत. एखादा कोपरा सतत कमी आला तर तिथले क्लॅम्प ढिले आहेत किंवा प्लेटचे बोल्ट.

ऊन आणि लाईट

ऑल्सनचा स्फुरद तापमानाबरोबर वाढतो. आमच्याकडं मे महिन्यात दुपारी खोलीत ३८-४० होतं, आणि तीच माती जानेवारीत २२ ला केली तर आकडा वेगळा येतो. पूर्ण एसी प्रत्येक लॅबला परवडत नाही हे मला माहीत आहे. मग स्फुरद सकाळी सातला करा, द्रावणाची बाटली रात्रीच आतल्या थंड खोलीत ठेवा, आणि पालाश, पीएच दुपारी. शेकरवर एका फ्लास्कमध्ये नुसतं पाणी ठेवा आणि हलवणं संपलं की त्यात थर्मामीटर घालून आकडा वहीत लिहा, कारण दोन तासांच्या डीटीपीएत मोटरच्या गरमीनं प्लेटही तापते आणि भिंतीवरचा थर्मामीटर ते दाखवत नाही.

लाईट गेली तर काय करायचं हे आधीच ठरवून ठेवा, त्या वेळी ठरवायला गेलं की प्रत्येक जण आपल्या सोयीनं ठरवतो. आमचा नियम असा की स्फुरद आणि पालाशची बॅच मधेच थांबली तर ती टाकून द्यायची आणि नवीन माती घेऊन परत. "बारा मिनिटं झाली होती, आता अठरा चालवू" हे चालत नाही, कारण मधल्या वेळातही माती द्रावणातच होती. आणि लाईट गेल्या गेल्या बटन बंद करा. काही मशीन लाईट आली की आपोआप त्याच स्पीडवर उठतात, तेव्हा कुणाचा हात प्लेटवर असला तर बोट सापडतं. ओढणी, पदर, मोकळी वेणी, लोंबणारं ओळखपत्र हे सगळं बांधून मगच शेकरजवळ. चालू प्लेटवरचा फ्लास्क सरळ करायला हात घालायचा नाही, आधी बंद, मग हात. स्पिरिट, ॲसिटोन, पेट्रोलियम ईथर असलं पेटणारं काही साध्या ब्रशच्या मोटरच्या शेकरवर ठेवायचं नाही, ब्रशला ठिणगी पडते.

निगा

सांडलेलं द्रावण लगेच पुसा, पिन काढून, ओल्या फडक्यानं आणि मग कोरड्यानं. बायकार्बोनेट वाळलं की पांढरी भुकटी होते आणि ॲल्युमिनियमच्या प्लेटला खाते, क्लॅम्पच्या स्प्रिंगा गंजतात. महिन्यातून एकदा एलन की घेऊन सगळे बोल्ट आवळा. आवाज ओळखायला शिका, खटखट आली तर बोल्ट किंवा क्लॅम्प, किरकिर किंवा घासल्यासारखा आवाज आला तर बेअरिंग, रबर जळाल्याचा वास आला तर पट्टा. स्पीड मधेच कमी-जास्त होत असेल आणि मोटर ब्रशची असेल तर कार्बन ब्रश झिजलेले असतात, ते स्वस्त असतात, एक जोडी ड्रॉवरमध्ये पडलेली असू द्या. मोटर जळाली तर गावातला वाइंडिंगवाला भरून देतो, पण भरून आल्यावर स्पीड परत मोजल्याशिवाय कामाला लावू नका.

नवीन घेणार असाल, जेमवरून (सरकारी खरेदीची वेबसाइट) किंवा कोटेशन मागवून, तर मागणीत नुसतं "ऑर्बिटल शेकर" लिहू नका. फेरा किती मिलिमीटर, स्पीड कुठून कुठपर्यंत, पूर्ण लोडवर स्पीड टिकतो का, किती किलो, कोणत्या मापाचे किती क्लॅम्प, टायमर कमीत कमी दोन तासांचा, लाईट आल्यावर आपोआप सुरू होतो का नाही, पट्टा आणि ब्रश कुठं मिळतात, एवढं लिहा. मातीचंच काम मुख्य असेल तर मी पुढं-मागं वालाच घ्या म्हणेन. दोन्ही हालचाली देणारी मशीनही मिळतात, पण बदलायचा खटका ढिला होतो आणि आज कोणती हालचाल होती हे वहीत लिहायचं राहून जातं.

ती वही शेकरच्या बाजूलाच दोरीनं बांधून ठेवा. तारीख, कोणती तपासणी, सॅम्पल नंबर कुठून कुठपर्यंत, स्पीड, सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, शेवटचा फ्लास्क गाळल्याची वेळ, पाण्याच्या फ्लास्कचं तापमान, ओळखीच्या मातीचा आकडा, सही. त्या काकांचा रिपोर्ट आम्ही नवा शेकर नीट बसवल्यावर तिसऱ्यांदा केला, दोन्ही मशीनवर, मध्यम आला, आणि मी स्वतः फोन करून त्यांना सांगितलं की आधीचा कमीचा कागद फाडून टाका.